दगडू आणि दया : एका माणसाचे दोन कुणी केले?



कथाकाराच्या आत अनेक माणसे राहतात, त्याच्या खासगी वह्या उघडल्या की ती सापडतात, असे साहित्यातले लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. कुणी याला प्रतिभा म्हणते, तर कुणी त्यावर थेट 'बहुव्यक्तिमत्त्व' या मनोविकाराचे लेबल चिकटवते. आमचा प्रश्न साधा आहे. आमच्या लेखकाच्या आत हा दुसरा माणूस आला कुठून?

१९७८ साली आलेले 'बलुतं' आठवा. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघे एकच. दगडू हे महारवाड्याने ठेवलेले नाव, दया हे साहित्यात कमावलेले. कुणी याला निवेदनाचे तंत्र म्हणेल. आम्ही म्हणतो, ही जातीने केलेली फाळणी आहे.

बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला नायक जात झाकून वावरतो आणि जात उघडी पडताच मार खातो. खुद्द बाबासाहेबांना, परदेशात शिकून आल्यावरही, बडोद्यात पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहावे लागले. काठ्या घेऊन आलेल्या टोळक्याने त्यांना तिथून हाकलले. त्यांनी हे लिहून ठेवले, पण ते पुस्तकरूपाने आले महापरिनिर्वाणानंतर, १९९० साली. हा काय मनाचा आजार होता? आजार समाजाला होता!

ज्यांना हा विकार खरोखर आहे त्यांना उपचार आणि सन्मान दोन्ही मिळालेच पाहिजेत. पण त्या विकारात आठवणी तुटतात, एका ओळखीत घडलेले दुसरीला आठवत नाही. इथे उलट आहे. दयाला दगडूचे सगळे आठवते. दुखणे ते आहे.

आणि हे जुने झाले असे समजू नका. घाटकोपरच्या रमाबाई नगरातला तरुण अंधेरीच्या ऑफिसात पत्ता विचारला की 'घाटकोपर ईस्ट' एवढेच सांगतो. बोरिवली-मुलुंडला भाड्याची खोली बघताना आडनाव गिळतो. ११ जुलै १९९७ ला त्याच्याच वस्तीत पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे गेली. डबा खाताना ऑफिसात तो हे बोलू शकतो का?

आता थोडे आपल्याच घरात बघू. फलटणच्या बेबीताई कांबळे 'जिणं आमुचं' दुकानात बसून लिहीत होत्या. ते लिखाण त्यांनी सुमारे २० वर्षे नवऱ्यापासून आणि मुलापासून लपवले. दगडूला जातीने लपायला लावले. बेबीताईंच्या वह्यांना कुणी लपायला लावले? सवर्णांनी नव्हे, घरातल्या पुरुषांच्या धाकाने. मोर्चात समतेच्या घोषणा देणाऱ्यांनी घरी जाऊन याचे उत्तर द्यावे.

म्हणून आम्ही सांगतो, वही लिहा. ऑफिसातले नाव आणि वस्तीतले नाव त्या वहीत समोरासमोर बसवा. ती छापायची की नाही, हे लिहिणाराच ठरवील. बहीण, बायको, आई लिहीत असेल तर तिची वही चोरून वाचू नका, रद्दीत घालू नका, तिला लिहायला वेळ आणि जागा द्या.

ज्या दिवशी दगडू आपल्याच नावाने अंधेरीत खोली मागेल आणि ती मिळेल, त्या दिवशी ही फाळणी संपेल. तोपर्यंत दोघांनीही लिहीत राहायचे.

जय भीम!