विजेने घेतलेला छेद

आपल्या या सीमाभागातील एका वास्तुकला महाविद्यालयात, ज्याचे नाव तेथील आदरातिथ्याचे स्मरण ठेवून मी सांगत नाही, या आठवड्यात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची ज्यूरी झाली, आणि पाहुणा म्हणून मागच्या बाकावर बसण्याचा बहुमान मला लाभला. भिंतीभर छापील शीटा, टेबलावर सनबोर्डाचे मॉडेल, त्याभोवती स्पंजाची हिरवीगार झाडे, आणि पडद्यावर असे एक चलच्चित्र की ज्यात ऐन वैशाखातल्या कलबुर्गीत काचेच्या पाच मजली इमारतीसमोर नागरिक कोट घालून हिंडत आहेत. परीक्षकांपैकी एका वृद्ध गृहस्थांनी इतकेच विचारले, की एवढ्या विस्तीर्ण गच्चीवरचे पावसाचे पाणी कोणीकडे जाते? मुलगी हुशार होती, घुटमळली नाही. “ते कन्सल्टंट बघतील, सर,” ती म्हणाली, आणि बाकीच्या परीक्षकांनी समाधानाने माना डोलावल्या. बिदरजवळच्या नौबादच्या करेजवर, म्हणजे जुन्या भुयारी पाणीवाटेवर, मी पूर्वी लिहिले तेव्हा ‘जुन्याचे गोडवे पुरे’ अशी पत्रे ज्यांनी धाडली, त्यांना माझी विनंती आहे की जांभ्यातून झिरपणारे पाणी खालच्या काळ्या पाषाणावर अडते हे हेरून त्या सांध्यालगत भुयार नेणाऱ्या माणसाने ते काम कोणत्या कन्सल्टंटच्या गळ्यात घातले असते, याचा त्यांनी शांतपणे विचार करावा.

शीटांमध्ये सर्वांत देखणा असतो तो छेद, म्हणजे इमारत उभी कापून तिचे आतले अंग दाखवणारे रेखाचित्र. त्या दिवशी मी पाहिलेल्या बहुतेक छेदांत भिंत म्हणजे दोन समांतर रेघा आणि त्यांच्या पोटात भरलेला काळा रंग, यापलीकडे काही नव्हते. ती विटेची आहे की दगडाची, तिच्या डोक्यावर काय भार येतो, तो कोणत्या वाटेने जमिनीत उतरतो, यांपैकी कशाचाही त्या काळ्या रंगाला पत्ता नव्हता.

आता त्याच्या शेजारी बिदरचा मदरसा ठेवा. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने 1472 मध्ये उभारलेल्या या तीन मजली वास्तूत पुढे औरंगजेबाच्या अंमलात दारूगोळा साठवला गेला, आणि 1696 च्या सुमारास त्यावर वीज कोसळून दर्शनी भागाचे दक्षिण अंग दरवाजा व मिनार यांसह उडून गेले. इतिहासकार या घटनेवर हळहळतात आणि ते योग्यच आहे. परंतु वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला त्या विजेने जो छेद घेऊन ठेवला आहे तो कोणत्याही संगणकाला काढता येणार नाही. उरलेल्या उत्तरेकडच्या मिनाराखाली उभे राहिले की रंगीत फरशांची नक्षी जेथे झडली आहे तेथे तिच्या मागचा गिलावा दिसतो, गिलाव्यामागे बांधकाम दिसते, भिंतीची जाडी डोळ्यांनी मोजता येते, आणि अलंकार कोठे संपतो व आधार कोठे सुरू होतो हे कोणी न सांगता कळते. आत शिरावे, तर चौकाच्या तीन बाजूंच्या मध्यभागी व्याख्यानाची दालने इमारतीच्या पूर्ण उंचीपर्यंत चढलेली, त्यांची बाहेरची अंगे भिंतीच्या रेषेपुढे आलेली, आणि चौकाभोवती गुरुशिष्यांच्या खोल्या अशा बेताने मांडलेल्या, की उजेड आणि वारा यांची तजवीज भिंत उभी राहण्यापूर्वीच झालेली होती. माझी तर अशी दाट शंका आहे, आणि पुरावा विचाराल तर माझ्यापाशी काडीचाही नाही, की त्या मदरशात धर्मशास्त्र शिकायला आलेल्या पोरालाही भिंतीची जाडी आमच्या पदवीधरापेक्षा अधिक ठाऊक असावी, कारण पाठांतराला तो तिच्याच खोल कोनाड्यात बसत असणार.

ज्यूरी आटोपून बाहेर पडलो, तो मागच्या मैदानात दुसऱ्या वर्षाची काही मुले एका वयस्क गवंड्याच्या देखरेखीखाली जांभ्याची कमरेइतकी भिंत रचीत होती. दगड पाण्यात न भिजवताच लावल्यामुळे त्याने चुन्यातले पाणी पिऊन टाकले होते आणि दर्जा नखाने उकरल्या जात होत्या. मिस्त्रीने ओळंबा सोडला, भिंत बोटभर कललेली निघाली, आणि एक अक्षर न बोलता त्याने वरचे तीन थर उतरवायला लावले. एका मुलाने तोंड वाकडे करून विचारले, “चाचा, गिलाव्यात झाकता येणार नाही का?” त्यावर म्हाताऱ्याने जे उत्तर दिले ते छापण्याजोगे नाही. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते निर्दोष होते.

या भिंतीला गुण नाहीत. मी मुद्दाम चौकशी केली. अभ्यासक्रमाच्या रकान्यांत ती बसत नाही, एका उत्साही शिक्षिकेने पदरमोड करून ती चालवली आहे. पाच वर्षांत प्रत्यक्ष कामाचे म्हणून एक सत्र असते हे खरे, पण त्यात बहुतेकांच्या वाट्याला शहरातील एखाद्या कचेरीत बसून दुसऱ्याच्या संडासांचे नकाशे सुधारणे येते. अमेरिकेतील अलाबामा संस्थानात ऑबर्न विद्यापीठाने 1993 पासून ‘रूरल स्टुडिओ’ चालवला आहे, तेथे विद्यार्थी गरिबांसाठी घर योजतात आणि स्वतःच्या हातांनी ते बांधूनही देतात. त्यांनी गवताच्या गासड्या रचून भिंती उभ्या केल्या, आणि आमच्याकडे घरची शहाबादी फरशी असताना मुले शीटेवर इटालियन संगमरवर लिहितात. (फरशीवर घसरलो, वाचकांनी सांभाळून घ्यावे. पण ज्या चुनखडीच्या थरांतून कलबुर्गी जिल्हा गावोगावच्या अंगणांना फरशी पुरवीत आला, तीच भाजून सिमेंट करायचे आणि त्या सिमेंटवर परदेशी दगड चिकटवायचा, हा हिशेब मला कोणत्याही गुत्तेदाराने अद्याप समजावून दिलेला नाही.)

विद्यापीठाकडे माझी मागणी साधी आहे. शेवटच्या प्रकल्पातील एक कोपरा, मग ती खिडकी असो, जिन्याच्या चार पायऱ्या असोत की गच्चीचा पन्हाळ, प्रत्यक्ष मापात बांधून दाखवल्याशिवाय ज्यूरी पुरी होऊ नये, आणि त्या कोपऱ्यापुरता बाह्य परीक्षक म्हणून एका गवंड्याची रीतसर नेमणूक व्हावी. त्याच्यापाशी वास्तुविशारदाचा नोंदणी क्रमांक नसतो, हा आक्षेप येणार हे मी धरूनच चाललो आहे. त्यासाठी नियमात एक ओळ वाढवावी लागेल. मानधन मात्र इतर परीक्षकांइतकेच द्यावे. प्रवासभत्त्यात बचत होईल, कारण तो हैदराबादहून मोटारीने येणार नाही, नौबादहून रिक्षाने येईल.