बंब सोमेश्वरी

लढाऊ वैमानिक बाजारात विकत मिळत नाही. तो घडवावा लागतो. अमेरिकेतील रँड संस्थेच्या २०१९ च्या हिशेबानुसार एफ-२२ विमानाचा एक वैमानिक तयार करण्यास सुमारे एक कोटी नऊ लाख डॉलर लागतात. २०१७ साली त्या देशाच्या वायुदलाला सुमारे दोन हजार वैमानिक कमी पडत होते. सेवेत टिकणाऱ्यांसाठीच्या वार्षिक भत्त्याची मर्यादा त्या वर्षी ३५ हजार आणि २०२३ साली ५० हजार डॉलर करण्यात आली. तूट मात्र हटली नाही.

प्रवासी विमान कंपन्यांच्या पगाराचे आकर्षण कोणी नाकारणार नाही. परंतु ज्याने तारुण्यातील दहा वर्षे देशाच्या आकाशाला वाहिली, तो केवळ चार पैशांसाठी गणवेश उतरवतो असे मानणे हा त्याचा अपमान होय. कर्नल जॉर्ज रीड यांनी २००४ सालीच ‘विषारी नेतृत्वा’ची लक्षणे सांगितली होती: हाताखालच्यांविषयी अनास्था, वातावरण नासवणारा स्वभाव आणि साहेबांचे सारे स्वतःसाठीच चालले आहे, अशी अधीनस्थांची खात्री. असा अधिकारी वरिष्ठांना कर्तबगारच दिसतो. त्याची किंमत खालचे मोजतात. ज्यांना बाहेर मागणी आहे ते गुणवंत आधी जातात. उरलेल्यांतूनच उद्याचे अधिकारी निवडले जातात.

खालचा आवाज वर न पोहोचण्याची किंमत कधी प्राणांनीही मोजावी लागते. २४ जून १९९४ रोजी फेअरचाइल्ड तळावर बी-५२ विमान कोसळून चौघे दगावले. त्या बेदरकार वैमानिकासोबत उडण्यास काहींनी नकार दिला होता. त्याला उड्डाणापासून दूर ठेवा, अशी मागणी स्क्वॉड्रनप्रमुखानेही केली होती. वरिष्ठांनी ती मानली नाही. मृतांत तो स्क्वॉड्रनप्रमुखही होता.

अमेरिकी स्थलसेनेने २०२० पासून बटालियनप्रमुख निवडताना अधीनस्थांचे मतही विचारात घेण्यास आरंभ केला. हा धडा आपल्यासाठीही मोलाचा आहे. महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार आपल्या वायुदलातील वैमानिकांची तूट २०१५ मधील ४८६ वरून २०२१ अखेर ५९६ वर गेली. त्या अहवालाचा रोख प्रशिक्षणातील उणिवांवर आहे, हे खरे. पण जेथे मुळातच माणसे अपुरी आहेत, तेथे एकही वैमानिक वरिष्ठाच्या अहंकारापायी गमावणे परवडणारे नाही. शिस्त हवीच; पण शिस्त आणि दहशत यांतील भेद ज्याला कळत नाही, त्याच्या हाती स्क्वॉड्रन देऊ नये. अन्यथा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हेच चालू राहील.