यंत्राला सापडेल, माणसाला कळेल काय?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांना सरकारी नियम शोधून देणारी साधने आली, आता कायदा लोकांच्या हाती आला, असा डांगोरा पिटला जात आहे. आमचा विरोध साधनाला नाही, डांगोऱ्याला आहे.

कोयनेच्या विस्थापितांचे उदाहरण घ्या. राज्याचे पुनर्वसन कायदे १९७६, १९८६ आणि १९९९ चे. धरण त्या तिन्हींच्या आधीचे. शिवाय शासन निर्णयांची रास. प्रत्येक निर्णय मागच्याचा ‘संदर्भ’ देतो. कधी तो ‘अधिक्रमित’ करतो, कधी अंशतः बदलतो. यंत्र जुळत्या शब्दांचा कागद काढून देईल. पण आज नेमके काय लागू आहे, हे शासनाने एकत्र लिहिलेलेच नसेल, तर ते यंत्र तरी कोठून सांगणार? आत्मविश्वासाने दिलेला रद्द कागद हा न सापडलेल्या कागदापेक्षा घातक.

१९६४ च्या राजभाषा अधिनियमाने कारभार मराठीत आणला. तो वाचकापर्यंत आणला नाही. याच सातारा-सांगलीच्या मुलुखात १९४३ नंतर प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावासमोर, गावाला कळेल अशा भाषेत निवाडे करीत होती.

शोध सुधारण्याआधी लेखन सुधारा. आणि आम्ही मराठीचे अध्यापक शासन निर्णय हा वाङ्मयबाह्य मानून किती दिवस हात झटकणार आहोत?