आवाज वाढवायचा की आवरायचा?

घरात गाण्याची यंत्रणा घ्यायची ठरली की निवड बहुधा पुरुष मंडळी करतात आणि पैशांचा मेळ मात्र आपल्याला बसवावा लागतो. म्हणून मैत्रिणींनो, आज थोडे प्रीअँपविषयी. डिजिटल गाणे वाजवणारा डॅक आणि स्पीकरला ताकद देणारा पॉवर अँप्लिफायर असे दोन्ही 'बॅलन्स्ड' घेतले की दुकानदार लगेच विचारतो, "मग बॅलन्स्ड प्रीअँप कोणता देऊ?" त्याची किंमत कधी कधी स्पीकरच्या जोडीइतकी असते, बरं का!

बॅलन्स्ड म्हणजे संदेशाच्या दोन तारा, एकीवरचा संदेश दुसरीच्या नेमका उलट, आणि तिसरी ग्राउंडची. वाटेत बाहेरची गुणगुण शिरलीच तर ती दोन्ही तारांत सारखी शिरते. अँप्लिफायर दोहोंतला फरक तेवढा घेतो, त्यामुळे गुणगुण गळून पडते. लांब तारेला हे फार उपयोगी. हातभर तारेला फारसा फरक पडत नाही.

आता हिशेब करू या. बॅलन्स्ड डॅक साधारण 4 व्होल्ट देतो. पॉवर अँप्लिफायर त्याचे सुमारे 20 पट करतो. पण 8 ओहमच्या स्पीकरला 100 वॉट द्यायला 28 व्होल्ट पुरतात, म्हणजे आत दीड व्होल्टसुद्धा नको. गच्चीवरची टाकी भरलेली असताना कुणी पंप बसवतं का? आपल्याला हवा तो चांगला नळ.

फुकटातला नळ पुष्कळदा डॅकमध्येच असतो. दर 6 डेसिबल आवाज उतरवला की एक बिट खर्ची पडतो. 24 बिटांच्या चांगल्या डॅकमध्ये थोडेफार उतरवायला हरकत नाही. भीती वेगळीच. एखादे सेटिंग पुसले गेले, की पूर्ण 4 व्होल्ट थेट अँप्लिफायरमध्ये! स्पीकर जातील, आणि जवळ खेळणाऱ्या मुलाच्या कानांचे काय? अँप्लिफायरवर गेन कमी करायची कळ असेल तर ती आधी खाली आणावी.

दुसरा प्रकार विजेविना चालणाऱ्या पॅसिव्ह व्हॉल्यूमचा. बॅलन्स्ड स्टिरिओत चार संदेश, म्हणून एका दांड्यावर चार पोटेन्शिओमीटर लागतात, आणि स्वस्तातले चौघे हळू आवाजावरच नेमके एकमेकांशी जुळत नाहीत. त्यापेक्षा निवडक रेझिस्टरांचा, पायरीपायरीने फिरणारा घ्यावा. पुढची तार मात्र आखूड ठेवावी, नाहीतर वरचे स्वर मंदावतात.

तार लांब न्यायचीच असेल, चार साधने जोडायची असतील, तर खुशाल प्रीअँप घ्या. तबकड्यांसाठी फोनोची सोय त्यात आहे ना, तेवढे विचारा. ती नेहमीच असते असे नाही.

दुकानात सगळे मोठ्या आवाजात ऐकवतात. तुम्ही रात्री मुलं झोपल्यावर ऐकता तेवढा हळू लावायला सांगा. त्यासाठी हिराबाई बडोदेकरांचे एखादे जुने मोनो ध्वनिमुद्रण न्यावे. गाणे बरोबर मधोमध यायला हवे. एका बाजूला कलले, किंवा पहिल्याच पायरीला आवाज फार वाटला, तर सरळ दुसरा दाखवायला सांगा.

आणि घरी आणल्यावर अँप्लिफायर सर्वांत शेवटी चालू करावा, बंद करताना सर्वांत आधी.