बंड्याचं इंजेक्शन आणि माझं मार्केटिंग

गेल्या महिन्यात एका शनिवारी बंड्याला इंजेक्शनला घेऊन गेलो. बंड्या म्हणजे आमचा कुत्रा. जात विचारू नका, त्यालाही माहीत नाही. डॉक्टर माझी शाळेपासूनची मैत्रीण, परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजची. (हे कॉलेज 1886 चं आहे, हे ती दर भेटीत ऐकवते.) कर्वेनगरात तिचं छोटंसं क्लिनिक आहे. एरवी शनिवारी तिथं बाकावर टेकायला जागा नसते. त्या दिवशी आम्ही दोघं आणि एक शिंकणारी मांजर, बस्स.

"काय गं, आज शुकशुकाट?"

"आजच नाही रे, सहा महिने हेच चाललंय. मार्चला गाळ्याचं ॲग्रीमेंट संपतंय, मालक भाडं वाढवणार. पुढच्या चौकात ग्रूमिंग, एक्स-रे, पेट शॉप, सगळं एका छताखालचं चकाचक क्लिनिक झालंय. नोकरी बघू का कुठे?"

आता मार्केटिंगवाल्या माणसाला असं काही विचारलं की काय होतं, ठाऊक आहे ना? डोक्यात लगेच पॉवरपॉइंट सुरू! चौकात फ्लेक्स लावू. पहिली तपासणी फुकट. दोन कुत्र्यांवर एक मांजर फ्री. तिनं सगळं शांतपणे ऐकलं.

"पशुवैद्यक परिषदेची 1992 ची आचारसंहिता आहे बाबा. गिऱ्हाईक ओढायला जाहिरातबाजी करणं त्यात बसत नाही. आणि फुकट म्हणून आलेला माणूस पुढच्या वेळी दुसरीकडे फुकट शोधतो."

आमची बोलती बंद. (दुसरा मुद्दा आमच्या बॉसलाही कळत नाही, पण ते जाऊ दे.)

मग म्हटलं, रजिस्टर दाखव. आणि बॉस, खरा फंडा तिथं होता. पिल्लांना सहा-आठ आठवड्यांपासून सुरुवात करून, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यावी लागते. रजिस्टरमध्ये पानंच्या पानं अशी, की दोन डोस झाले आणि पिल्लू गायब. रेबीजच्या वार्षिक बूस्टरचंही तेच. "हे सगळे त्या चकाचक क्लिनिकमध्ये गेले," ती म्हणाली. "विचारलंस कुणाला?" मी म्हटलं. नव्हतं विचारलं.

"फोन करायचा म्हणजे भीक मागितल्यासारखं वाटतं रे."

इथं मात्र मी चिडलो. म्हटलं, अर्धवट लसीच्या पिल्लाला पार्व्हो झाला तर काय होतं, ते तू मला सांगतेस. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय उरत नाही, हेही तूच सांगतेस. मग नुसती तारीख आठवण करून देण्यात कसली भीक?

लावले फोन. पहिल्या दहा जणांत दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेले दोघंच. बाकीचे चक्क विसरले होते. कुणाची बदली, कुणाची नाइट शिफ्ट. एकानं सरळ सांगितलं, मागच्या वेळी बिलाचा आकडा ऐकून घाबरलो, आधी अंदाज दिला असतात तर आलो असतो. हे वाक्य तिनं पाठ्यावर लिहून समोर चिकटवलं.

अकरावा फोन एका काकूंना. त्यांचा लॅब्रॅडॉर दिवाळीनंतर गेला होता. पाच मिनिटं त्याच बोलत होत्या, ही नुसती "हो काकू, हो" करत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "सात वर्षं येत होता तो माझ्याकडे. मला कळलंच नाही." शिंकणाऱ्या मांजरीची मालकीण जाऊन दुसरं कुणी आत येईपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.

आता तिचा पोऱ्या रोज संध्याकाळी पाच नावं काढतो. गेलेल्या प्राण्यांच्या नावापुढे खूण असते, म्हणजे त्या घरी चुकूनही 'बूस्टर ड्यू' चा मेसेज जात नाही. आयटीवाल्यांसाठी दोन दिवस रात्री साडेनऊपर्यंत क्लिनिक उघडं असतं. पावसाळ्याआधी लेप्टो आणि गोचिडांबद्दल चार ओळी व्हॉट्सॲपवर, त्याही मराठीत, जाणार आहेत. बाक अजून भरत नाही. गाळ्याचंही ठरलेलं नाही, मालक अडून बसलाय.

आणि हो, त्या शनिवारी निघताना तिनं बंड्याचं पान काढलं.

"फार शहाणपणा शिकवतोयस. तुझा बंड्याच तीन महिने उशिरा आलाय."