भाव चढले म्हणून राहते घर विकायचे?



‘भाव चढे आहेत तोवर घर विकून मोकळे व्हा’ हा आपल्या अंकातील लेखातला सल्ला राहत्या घराला लावणे मला घातक वाटते. मुंबईत घर विकणाऱ्याला बहुधा मुंबईतच दुसरे घ्यावे लागते, तेही त्याच चढ्या भावाने. शिवाय नव्या घरावर ६ टक्के मुद्रांक शुल्क. दीड कोटीच्या सदनिकेला ९ लाख रुपये. नोंदणी आणि दलाली वेगळी. नफा ठरावीक मुदतीत दुसऱ्या घरात गुंतवला तर भांडवली नफ्यावरचा कर वाचतो, हे खरे. पण त्याने हा खर्च टळत नाही.

लेखक म्हणतात, भाड्याने राहा, पैसे बँकेत ठेवा. मुंबईत किमतीच्या मानाने भाडे कमी असल्याने हा हिशेब कागदावर जमतोही. मात्र मग त्या नफ्यावर साधारणतः १२.५ टक्के कर भरावा लागतो, आणि करार बहुतेक अकरा महिन्यांचा. उतारवयात दरवर्षी बिऱ्हाड हलवण्याची टांगती तलवार कोणत्या व्याजात मोजायची? लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावरून सुटका हवी असेल किंवा कायमचे गावी जायचे असेल, तर घर जरूर विकावे, भाव थोडा उतरलेला असला तरीही.

— एक वाचक, मुंबई