दोन जोडण्या, एकच खांब

बंगळुरूत नवे बिऱ्हाड थाटणारा माणूस आज गॅस आणि पाण्याइतक्याच काळजीने विचारतो, इंटरनेट कोणाचे घ्यावे? १९९५ साली विदेश संचार निगमाने सामान्यांसाठी ही सेवा खुली केली, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. १९९८ च्या अखेरीस खासगी पुरवठादारांना वाट मिळाली आणि आता तर जाहिरातींची रेलचेल आहे. तरीही निवडीचे हे स्वातंत्र्य बरेचसे कागदावरचेच आहे.

मान वर करून पाहिले की त्याचे कारण दिसते. झाडांच्या फांद्यांतून आणि विजेच्या खांबांवरून केबलांचे गुंते लोंबत असतात. जयनगरातल्या एखाद्या गृहस्थाने खबरदारी म्हणून दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या आणि दोन्ही एकाच खांबावरून आल्या, तर वळवाच्या पावसात कोसळलेली एक फांदी दोन्ही बंद पाडते. २०२४ मध्ये ‘बेस्कॉम’ने खांबांवरील अनधिकृत केबलांविरुद्ध बडगा उगारला. सुरक्षिततेसाठी ते योग्यच. पण आपली जोडणी अधिकृत मार्गाने आली आहे की नाही, हे ग्राहकाच्या बिलावर छापलेले नसते. गृहसंकुलांत तर निवड बिल्डर आणि सोसायटीने आधीच करून ठेवलेली असते.

‘ट्राय’ सेवेच्या दर्जाचे अहवाल प्रसिद्ध करते, पण त्यांतील आकडे परवाना क्षेत्राच्या सरासरीचे. सरासरीवरून आपल्या गल्लीचा अंदाज येत नाही. शिवाय सरकारी व्याख्येत २०२३ पासून सेकंदाला २ मेगाबिट हा किमान वेग ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला पुरतो. जाहिरातीतला वेग कमाल असतो, हे वेगळे सांगायला नको. तेव्हा ग्राहकाने वेगापेक्षा मार्ग विचारावा: तार खांबावरून येते की जमिनीखालून? वीज गेल्यावर इमारतीतील किंवा गल्लीतील उपकरणाला बॅटरीचा आधार किती वेळ? शेजारच्या घरी बिघाड दुरुस्त व्हायला किती दिवस लागले? आणि वर्षाचे पैसे एकरकमी भरण्यापूर्वी एक-दोन महिने सेवा पारखावी. सवलतीचा मोह महागात पडतो. दाद मागण्याचा रस्ताही आता मोकळा आहे. दूरसंचारविषयक तक्रारींना २००९ च्या निकालाने ग्राहक मंचाची दारे बंद झाली होती. सर्वोच्च न्यायालयानेच फेब्रुवारी २०२२ मध्ये ती पुन्हा उघडली.

मात्र सगळा भार ग्राहकाच्या चोखंदळपणावर टाकणे मला मान्य नाही. १९०५ मध्ये या शहरात विजेचे दिवे लागले, ते शिवसमुद्रमच्या वीज केंद्रामुळे. ते केंद्र म्हैसूर संस्थानाने उभारले होते. त्या काळी रयतेला कोणी स्वतःची तार शोधायला सांगितले नाही. चर्च स्ट्रीटसारख्या ‘टेंडरशुअर’ रस्त्यांखाली सेवावाहिन्यांसाठी नलिका घातल्या गेल्या. त्या सार्वजनिक मालकीच्या ठेवून सर्व कंपन्यांना समान भाड्याने दिल्या, तर स्पर्धा खरोखर घराच्या उंबरठ्यापर्यंत येईल. हा प्रयोग शहराच्या मध्यवर्ती भागाच्या फारसा पुढे गेलेला नाही. बृहत् बंगळुरू प्राधिकरणाखाली २०२५ मध्ये स्थापन झालेल्या पाच महापालिका रस्ते खोदताना या नलिकांसाठी तरतूद करतात की नाही, एवढेच आता पाहायचे.